लाल ट्रॅकसूट ही नुसती फॅशन नाहीये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या सिनेमातल्या पुरुषांच्या कपड्यांवर अर्धं पान लेख छापलात. मराठी पेपरात या विषयाला जागा मिळाली याचाच आधी आनंद झाला, कारण पुरुषांच्या कपड्यांवर आपल्याकडे काही छापून येतं ते लग्नसराईत शेरवानी आणि दिवाळीत कुर्ता एवढंच. पण लेख वाचत गेले तसं वाईट वाटत गेलं. लाल टोपी घाला, कॉर्डरॉयचा कोट शिवून घ्या, पँट घोट्याच्या वर ठेवा की झालात तुम्ही हटके, असा एकूण सूर, आणि शेवटी तर हे सगळं मोठ्या माणसांचं फॅन्सी ड्रेस आहे असं म्हणून विषय मिटवून टाकलाय. ते मला पटलेलं नाही आणि का पटलं नाही ते जरा सविस्तर सांगायचंय, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाटकांच्या आणि मालिकांच्या कपडेपटात काम करते. मापं घ्यायची, कापड आणायचं, शिंपी मास्तरांच्या मागे लागून वेळेत शिवून घ्यायचं, प्रयोगाआधी इस्त्री, प्रयोगानंतर धुणं, आणि मालिका असेल तर कुठल्या सीनला कुठला शर्ट, कितवं बटण उघडं होतं याचे फोटो काढून वही ठेवायची. त्यामुळे पडद्यावर माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या कॉलरवर आणि बाहीच्या लांबीवर जाते. या नजरेने हे सिनेमे बघितले तर एक गोष्ट इतकी ठळक दिसते की लेखात ती आलीच कशी नाही याचं नवल वाटतं. या सिनेमांत जो पुरुष सगळ्यात टापटीप किंवा सगळ्यात विचित्र, एकदा बघितला की डोक्यातून जाणार नाही असा नटलेला असतो ना, त्याचं कुणीतरी गेलेलं असतं. बायको, आई, बाप, जिवलग मित्र, कुणीतरी. जवळजवळ प्रत्येक वेळी. आणि त्या जाण्याबद्दल त्याला तोंडाने काही बोलता येत नाही, मग तो रोज सकाळी उठून तेच कपडे घालतो.

तुम्ही ज्याचा मोठा फोटो छापलाय तो लाल ट्रॅकसूटच घ्या. २००१ चा 'द रॉयल टेननबॉम्स'. बेन स्टिलरने केलेला चॅस आणि त्याची दोन लहान मुलं, तिघंही एकसारख्या लाल आदिदासच्या ट्रॅकसूटमध्ये. फोटो बघून हसू येतं हे खरं आहे, बापलेक एकसारखे दिसतायत म्हणून. पण सिनेमात काय आहे? चॅसची बायको विमान अपघातात गेलीये, तो आणि मुलं वाचलीयेत. त्यानंतर हा माणूस रात्री मुलांना झोपेतून उठवून आगीची ड्रिल करतो, घड्याळ लावून, आणि सगळे बाहेर आल्यावर सांगतो की एवढा वेळ लागला, म्हणजे आपण सगळे जळून मेलो. ज्या बापाच्या डोक्यात चोवीस तास हे चालू आहे तो मुलांना काय घालेल? लाल घालेल. धुरात दिसेल, गर्दीत दिसेल, अंधारात दिसेल असं काहीतरी. बटणं नकोत, चेन ओढली की तयार, पळता येईल असं. आणि स्वतःही तेच घालेल, म्हणजे मुलांना बाप लांबून ओळखू येईल. माझ्या लेखी तो ट्रॅकसूट म्हणजे लाइफ जॅकेट आहे.

यात अजून एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. त्या घरातली तीन भावंडं लहानपणी अतिशय हुशार, नावाजलेली, आणि मोठी झाल्यावर फसलेली अशी आहेत. त्यातली मार्गो मोठेपणीही तसाच फ्रॉक आणि केसात तसाच क्लिप लावून फिरते, रिची लहानपणी टेनिस खेळायचा तो मोठेपणी सूटवरसुद्धा टेनिसचा हेडबँड लावतो. म्हणजे दोघं कपड्यांपुरती तिथेच थांबलीत जिथे शेवटची सुखात होती. पण चॅस मात्र लहानपणी शर्ट टाय लावून धंदा करणारा पोरगा दाखवलाय, आणि मोठेपणी तो ट्रॅकसूटमध्ये आहे. तिघांत तोच एक बदलला, कारण त्याच्या आयुष्यात मध्ये तो अपघात येऊन गेला. हे डायलॉगमध्ये कुठेही येत नाही, फक्त कपड्यात आहे. आणि शेवटी बापाच्या दफनाला चॅस आणि त्याची दोन मुलं येतात तेव्हा ट्रॅकसूट तसाच असतो, फक्त काळा. बाकी सगळे कोटात, आणि हे तिघं काळ्या ट्रॅकसूटमध्ये. भीती अजून गेलेली नाही पण आता तिच्यात दुःखालाही जागा झालीये, असं मला ते बघताना वाटतं, आणि त्याआधी थोडंच चॅस बापाला पहिल्यांदा सांगू शकलेला असतो की हे वर्ष मला फार जड गेलं. एवढं एक वाक्य बोलायला त्या माणसाला अख्खा सिनेमा लागला. आता सांगा, हे फॅन्सी ड्रेस आहे का?

रिचीचंही तेच. तो ज्या दिवशी आतून पार मोडतो त्या दिवशी आरशासमोर उभं राहून आधी हेडबँड आणि गॉगल काढतो, मग केस कापतो, दाढी करतो, आणि त्यानंतर स्वतःच्या जिवावर उठतो. वाचतो तो. पण क्रम बघा, आधी अंगावरचं सगळं उतरवलं मग हे. तुमच्या लेखात त्या हेडबँडला ऐंशीच्या दशकाचा रेट्रो टच म्हटलंय, ते वाचून मला खरंच त्रास झाला.

त्याआधीचा १९९८ चा 'रशमोअर' तर मला वाटतं प्रत्येक मध्यमवर्गीय मराठी आईबापाने बघावा. मॅक्स फिशर हा पंधरा वर्षांचा पोरगा, श्रीमंतांच्या शाळेत स्कॉलरशिपवर, बाप न्हावी, आणि हा लोकांना सांगतो की माझे वडील मेंदूचे सर्जन आहेत. आई वारलीये. हा मुलगा शाळेचा निळा ब्लेझर असा घालतो की जणू तोच शाळेचा मालक. त्यावर पिना लावलेल्या, एक पूर्ण हजेरीची, एक वक्तशीरपणाची. शाळेतून काढून टाकतात, सरकारी शाळेत जावं लागतं जिथे कुणीच युनिफॉर्म घालत नाही, तरी हा तोच ब्लेझर घालून वर्गात जाऊन बसतो. मला तो सीन बघवत नाही. आपल्याकडेही अशी मुलं असतात हो, घरची परिस्थिती कपड्यावरून कळू नये म्हणून एकच चांगला शर्ट रोज रात्री धुऊन सकाळी घालणारी. मग जेव्हा सगळंच विस्कटतं तेव्हा मॅक्सच्या अंगावरून तो ब्लेझर जातो आणि तो बापाच्या सलूनमध्ये मदतीला उभा राहतो, आणि तिथेच तो पहिल्यांदा ताठ मानेने सांगतो की हे माझे वडील. त्याच्या दोन पिनांपैकी एक तो ज्याच्याशी वैर होतं त्याला देऊन टाकतो. आणि शेवटी स्वतःच्या नाटकाच्या रात्री हिरव्या मखमलीच्या सूटमध्ये येतो. मखमल कापायला फार अवघड असते, तिची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला आली पाहिजे, नाहीतर एक बाही गडद आणि एक फिकी दिसते. पडद्यावर तो सूट उजेडात फिरतो तेव्हा एकसंध दिसतो, कुणीतरी नीट कापलाय. शाळेने दिलेला ब्लेझर सुटला आणि पोराने स्वतःच्या मर्जीचा कपडा घातला, पहिल्यांदाच, एवढा साधा अर्थ आहे त्याचा. आणि हा सिनेमा ह्यूस्टनच्या सेंट जॉन्स या शाळेत शूट झालाय जिथे दिग्दर्शक स्वतः शिकला, तर तो ब्लेझर त्याला नुसता ऐकून माहीत नव्हता.

लाल टोपीबद्दल थोडक्यात सांगते. २००४ चा 'द लाइफ अॅक्वाटिक', बिल मरेचा स्टीव्ह झिसू. फ्रेंच समुद्र संशोधक जाक कूस्तो आणि त्याच्या जहाजावरच्या माणसांच्या लाल लोकरी टोप्या प्रसिद्ध होत्या, त्यावरून ती घेतलीये, हे तुमच्या लेखात आहे ते बरोबर. पण झिसूचा जुना मित्र शार्कने खाल्लाय आणि तो त्या शार्कच्या मागे निघालाय, वय झालंय, पोट सुटलंय, लोक हसतायत, आणि तरी फिकट निळा ड्रेस आणि टोपी, सगळ्या टीमला सारखी. मग नेड नावाचा तरुण येतो जो कदाचित त्याचा मुलगा आहे, तो येतो पायलटच्या युनिफॉर्ममध्ये आणि त्याला पुढे टीमचे कपडे मिळतात. बाप मुलाला जवळ घेत नाही, ड्रेस देतो. आपल्याकडच्या किती बापांनी मुलाला कधी मिठी मारली असेल? पण दहावीला घड्याळ, नोकरी लागली की पँटपीस, हे मात्र न चुकता. एवढं सांगितलं तरी पुरे.

आता त्या आखूड पँट आणि आखूड बाह्यांबद्दल. लेखात सल्ला दिलाय की टेलरला सांगून बाही दीड इंच कमी करून घ्या. कृपा करून कुणी असं करू नका. चांगल्या कोटाची बाही नुसती खालून कापता येत नाही, कफवरची काज-बटणं आणि अस्तर सगळं वर घ्यावं लागतं, कधीकधी खांद्यातून बाही उसवून परत चढवावी लागते. आणि त्या सिनेमातले कोट नुसते आखूड नाहीयेत, त्यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, वर आणि जवळ घेतलेला असतो, म्हणजे हात वर केला तरी कोट उचलला जात नाही, छाती सपाट राहते. त्यामुळे माणूस एकदम नीटनेटका पण जरासा अडकलेला दिसतो, पोरगा वाढलाय पण कोट मागच्या वर्षीचा आहे असा. दिग्दर्शक स्वतः असेच सूट वापरतो, आणि २००९ च्या 'फँटास्टिक मिस्टर फॉक्स' मध्ये तर कोल्ह्याच्या बाहुलीला कॉर्डरॉयचा सूट आहे तो त्याच्या स्वतःच्या सूटांवरून घेतलेला. तर ही मापाची चूक नाही आणि स्टाइलही नाही, ते कॅरेक्टर आहे. कपडा जरासा लहान ठेवला की मोठ्या माणसात लहान मुलगा दिसायला लागतो, आम्ही नाटकात विनोदी पात्राला ही युक्ती कायम वापरतो, पण तिने रडूही येऊ शकतं हे मला या सिनेमांनी दाखवलं.

२००७ चा 'द दार्जिलिंग लिमिटेड' तर आपल्याकडेच घडतो, राजस्थानात, जोधपूर उदयपूरच्या भागात शूट झालाय. तीन अमेरिकन भाऊ आगगाडीने निघालेत, बाप जाऊन वर्ष झालंय, आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलणं नाही. अंगावर करड्या रंगाचे उत्तम शिवलेले सूट. सोबत बापाच्या बॅगा, ढीगभर, प्राण्यांची चित्रं आणि बापाच्या नावाची अक्षरं असलेल्या. त्या बॅगा फॅशन डिझायनर मार्क जेकब्सने लुई व्हिताँ या महागड्या ब्रँडसाठी डिझाइन केल्या आणि तुमच्या लेखात फक्त त्यांच्या ब्रँडचंच कौतुक आहे. पण बघा ना त्या बॅगांचं काय चाललंय. त्या हमालांच्या डोक्यावर चढतात, गाडीतून खाली फेकल्या जातात, वाळवंटात ओढल्या जातात, आणि एकाही भावाला ते ओझं टाकवत नाही. मधला भाऊ पीटर बापाचा गॉगल लावून फिरतो, त्यात बापाच्या नंबरच्या काचा आहेत, ह्याला त्यातून धड दिसत नाही, तरी काढत नाही. मोठ्या भावाला ते सहन होत नाही, कारण बापाच्या वस्तू एकट्याने का घेतल्यास हा राग. भाऊभाऊ पट्ट्यावरून आणि बापाच्या चष्म्यावरून भांडतात आणि बापाबद्दल मात्र बोलत नाहीत, हे कुठल्या देशात घडत नाही? आमच्या एका नटाचे वडील गेले, तेरावं झाल्यावर तो प्रयोगाला आला तो वडिलांचा हाफ स्वेटर घालून. मे महिना, ग्रीनरूममध्ये पंखा धड चालत नाही, स्वेटर त्याला खांद्यात तंग होत होता आणि पाठीवरची वीण ताणली गेली होती. मी मेकअपच्या आधी तो काढून घेतला, घडी करून वेगळ्या पिशवीत ठेवला आणि प्रयोग संपल्यावर परत दिला. दोघंही एक शब्द बोललो नाही.

त्या सिनेमात मध्ये एक प्रसंग आहे. नदीत तीन मुलं पडतात, तिघे भाऊ उड्या मारतात, दोन मुलं वाचतात आणि पीटरच्या हातातलं मूल जातं. मुलाचा बाप झालाय आपला इरफान खान. किती थोडा वेळ आहे तो पडद्यावर आणि किती थोडं बोलतो. त्या मुलाच्या अंत्यविधीला गाववाले या तिघांना बोलावतात आणि तिथे तिघंही पांढऱ्या कपड्यांत चालत जातात, महागडे सूट बाजूला. आणि तिथूनच सिनेमा एकदम वर्षभर मागे जातो, न्यूयॉर्कमध्ये, बापाच्या दफनाच्या दिवशी, तिघं काळ्या सुटात गॅरेजमध्ये बापाची गाडी सोडवायला भांडतायत आणि उशीर होतोय. काळा सूट होता तेव्हा शोक करता आला नाही, आणि परक्या गावात, परक्या मुलासाठी, पांढरे कपडे घातल्यावर तो करता आला. या एका कापडबदलासाठी मी त्या सिनेमाला बाकी सगळं माफ करते. बाकी सगळं म्हणजे काय, तर आपल्या देशाचा देखावा करून ठेवलाय, गावातल्या गरिबाचं मूल मरतं आणि त्यातून अमेरिकन भाऊ शहाणे होतात, ही तक्रार आपल्याकडे बरेच जण करतात आणि ती खोटी नाही, मलाही ते टोचतं. पण कपड्यांपुरतं बोलायचं तर त्या दृश्यात कुणी उगाच भरजरी फेटे बांधून उभे नाहीयेत, पांढरं आहे, साधं आहे, जसं असतं तसं आहे. शेवटी गाडी पकडायला तिघं पळतात तेव्हा बापाच्या बॅगा प्लॅटफॉर्मवर टाकून देतात. लुई व्हिताँच्या बॅगा टाकून दिल्या की सिनेमा संपतो, आणि तुमचा लेख सांगतो तशा बॅगा कुठे मिळतील ते!

जाता जाता, त्या गाडीच्या डब्यात एक म्हातारे गृहस्थ गप्प बसलेले दिसतात, ते कुमार पल्लना. १९१८ साली आपल्या होळकरांच्या इंदूरला जन्मलेला माणूस, अमेरिकेत जाऊन काठ्यांवर ताटल्या फिरवायचे खेळ करायचा, मग डॅलसला कॅफे काढला, तिथे हा दिग्दर्शक तरुणपणी जायचा, आणि मग त्याच्या सुरुवातीच्या सिनेमांत पल्लना दिसायला लागले. २०१३ ला गेले. टेननबॉम्सच्या घरातला पगोडा नावाचा नोकर म्हणजे तेच. मराठी पेपरात त्यांच्यावर कधी काही आलं असेल तर माझ्या वाचनात नाही, पण यावं असं फार वाटतं.

'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' वर लेखात एकच ओळ आहे, जांभळा रंग पुरुषांनाही शोभतो म्हणून. शोभतोच. पण तो जांभळा युनिफॉर्म कुणाकुणाच्या अंगावर आहे? एक मसिये गुस्ताव्ह, राल्फ फाइन्सने केलेला हॉटेलचा मुख्य, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जुनी सभ्यता एकट्याने धरून ठेवणारा. आणि दुसरा झीरो, लॉबी बॉय, ज्याचं घरदार युद्धात मारलं गेलंय आणि जो निर्वासित म्हणून आलाय. त्याच्या टोपीवर लॉबी बॉय असं लिहिलंय आणि ओठावर पेन्सिलने काढलेली मिशी आहे. ती पेन्सिलची मिशी! मोठं दिसायचंय त्याला, कारण ज्याच्या सावलीत लहान राहावं असं कुणी उरलेलंच नाही. सीमेवर गाडी थांबते, करड्या युनिफॉर्मचे शिपाई झीरोला ओढतात, गुस्ताव्ह मध्ये पडतो, आणि तिथला अधिकारी हॉटेलमुळे त्याला ओळखतो म्हणून सुटका होते. म्हणजे त्या दिवशी जांभळ्याचा मान करड्याने राखला. पुढे परत गाडी थांबते, या वेळी काळे युनिफॉर्म, कुणी ओळखत नाही, झीरोचा प्रवासाचा परवाना फाडून टाकतात, आणि गुस्ताव्ह झीरोला वाचवायला जातो त्यात मारला जातो. एका कपड्याने दुसऱ्या कपड्याला ओळखणं बंद झालं की माणसाचं काय होतं हे दोन सीनमध्ये दाखवलंय, भाषणबाजी नाही. २०१५ ला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते यासाठी, नुसत्या रंगासाठी नाही मिळालं.

आणि २०२३ चा 'अॅस्टरॉइड सिटी' पण याच वाटेचा, युद्धाचे फोटो काढणारा बाप, दाढी, पाइप, गळ्यात कॅमेरा, एकदम रुबाबदार, आणि बायको जाऊन तीन आठवडे झालेत तरी मुलांना अजून सांगितलेलं नाही. अस्थी डब्यात घेऊन फिरतोय.

हे सगळं अँडरसननेच सुरू केलं असं लेखात म्हटलंय तेही तितकंसं बरोबर नाही. फ्रान्सच्या जाक तातीने १९५३ सालीच मस्ये युलो पडद्यावर आणला होता, आखूड पँट, खाली पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, हॅट, तोंडात पाइप, पुढे रेनकोट, आणि मग १९७१ पर्यंत तोच माणूस तसाच, जग मात्र दर सिनेमात अधिकाधिक काचेचं आणि प्लास्टिकचं होत गेलेलं. कोएन बंधूंच्या १९९८ च्या 'द बिग लेबोव्स्की' मधला ड्यूड बाथरोब घालून दुकानात दूध आणायला जातो, त्याचे बरेच कपडे जेफ ब्रिजेसने स्वतःच्या घरून आणलेले होते, वेशभूषा मेरी झोफ्रेस यांची. आणि तिथेही शेवटी मित्राची राख वाऱ्याने उडून ड्यूडच्या दाढीवर आणि गॉगलवर येऊन बसतेच. पुरुषाचा कपडा आणि त्याच्या पोटातलं न बोललेलं, हे नातं चांगल्या दिग्दर्शकांना पूर्वीपासून कळलेलं आहे.

दिग्दर्शकांना म्हणते खरी, पण माझी मुख्य तक्रार आता सांगते. तुमच्या अर्ध्या पानात दिग्दर्शकाचं नाव कितीतरी वेळा आलंय, ब्रँडची नावं आलीयेत, नटांची आलीयेत, आणि ज्या बायकांनी हे कपडे केले त्यांचं नाव एकदाही नाही. टेननबॉम्स आणि रशमोअरची वेशभूषा कॅरन पॅच यांची आहे. लाइफ अॅक्वाटिक, दार्जिलिंग, ग्रँड बुडापेस्ट, अॅस्टरॉइड सिटी हे सगळं मिलेना कानोनेरो यांचं, इटलीच्या आहेत. त्यांचं पहिलं काम १९७१ चं, दिग्दर्शक कुब्रिकचा 'अ क्लॉकवर्क ऑरेंज', ती पांढऱ्या कपड्यांतली काळ्या हॅटवाली पोरांची टोळी त्यांचीच. चार ऑस्कर आहेत त्या बाईंकडे. पुरुषांच्या कपड्यातून इतकं बोलणारी दुसरी व्यक्ती या धंद्यात मला तरी माहीत नाही.

आणि यात आपला एक धागा आहे म्हणून जीव जास्त तुटतो. १९८२ च्या समारंभात वेशभूषेचं ऑस्कर कानोनेरो यांना मिळालं, 'चॅरियट्स ऑफ फायर' साठी. पुढच्याच वर्षी, १९८३ ला, तेच ऑस्कर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळालं, 'गांधी' साठी, जॉन मोलो यांच्यासोबत. भारताचं पहिलं ऑस्कर ते. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली, राजोपाध्ये घराण्यातली मुलगी. आणि 'गांधी' मध्येही मूळ गोष्ट काय आहे, तर कडक कॉलर आणि टायमधला बॅरिस्टर गाडीतून खाली ढकलला जातो आणि तिथून निघून एका पंचापर्यंत येतो, एका पुरुषाच्या अंगावरचा कपडा कमी कमी होत जाण्याची गोष्ट. अथैया बाईंनी ती ट्रॉफी २०१२ ला अकादमीकडे परत सोपवली, नीट जपली जावी म्हणून. २०२० मध्ये त्या गेल्या. आज कॉलेजच्या मुलांना विचारा, ए. आर. रहमानचं ऑस्कर सगळ्यांना पाठ असतं, हे नाव फार थोड्यांना माहीत असतं. त्याला आपण पेपर वाचणारे आणि पेपर काढणारे दोघं जबाबदार आहोत असं मला वाटतं.

कारण आपल्याकडे नाटकाचं परीक्षण कसं येतं ते तुम्हाला माहितीये. कथा, अभिनय, दिग्दर्शन यावर चार कॉलम, आणि शेवटच्या ओळीत 'प्रकाशयोजना परिणामकारक, वेशभूषा साजेशी'. साजेशी! महिनाभर आम्ही त्या एका सदऱ्याच्या रंगासाठी कापडबाजार पालथा घातलेला असतो, नवा सदरा दहा वर्षं वापरलेला वाटावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात टाकून, कॉलरची दुमड पॉलिश पेपरने घासून जुना केलेला असतो, की ज्यामुळे पडदा उघडल्या उघडल्या प्रेक्षकाला कळावं की हा माणूस विधुर आहे आणि त्याच्या कपड्यांकडे आता बघणारं कुणी नाही. ते प्रेक्षकाला कळतं, शंभर टक्के कळतं, पहिल्या पाच मिनिटांत कळतं, फक्त ते कुणी केलं हे छापून येत नाही.

मुलांनी असे कपडे घालू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. घाला ना, जांभळं घाला, गुलाबी घाला, कॉर्डरॉय तर जरूर शिवा पण मास्तरांना सांगा की सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, आणि पुण्यामुंबईच्या हवेत अस्तर पातळ लावा. आपल्याकडच्या पुरुषांनी निळा आणि करडा सोडून काही अंगाला लावलं तर मला आनंदच आहे. लेख लिहिणाऱ्यांनी तेवढी हिंमत दिली याबद्दल त्यांचे आभारही मानते. पण ज्या सिनेमाचं नाव घेऊन सांगताय त्या सिनेमात तो कपडा कशासाठी आलाय हे दोन ओळीत सांगायला काय हरकत होती?

तर दोन विनंत्या. एक, त्या लाल ट्रॅकसूटच्या फोटोखाली फक्त दिग्दर्शकाचं नाव छापलंय, येत्या रविवारी तिथे वेशभूषा कॅरन पॅच अशी दुरुस्ती द्या, छोटीशी चौकट पुरेल. आणि दुसरी, इथून पुढे तुमच्या पेपरात सिनेमाचं किंवा नाटकाचं परीक्षण येईल तेव्हा वरच्या श्रेयनामावलीत लेखक, दिग्दर्शक, संगीत याच्या जोडीला वेशभूषाकाराचं नाव न चुकता द्या, मराठी असो की परदेशी. प्रयोगाच्या जाहिरातीत ते असतंच, तिथून घेता येतं, आणि नसलं तर निर्मात्याच्या ऑफिसला फोन केला की कुणीही सांगेल.

आपली,
कपडेपटात काम करणारी एक वाचक, पुणे